साडेचार इंचांची भिंत

रेघमावशीकडे लोक भिंतींची दुखणी घेऊन येत. कुणाच्या न्हाणीघरातली ओल शेजारच्या खोलीत फुटलेली असे, कुणाचं दार फुगून चौकटीत अडकत असे, कुणाच्या गच्चीला गळती लागलेली असे आणि तीन गवंडी तीन वेगवेगळी कारणं सांगून गेलेले असत. मावशी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकून घेई आणि मग डॉक्टरसारखी एकेक विचारत जाई. भेग सरळ आहे का तिरकी? केसाएवढी का नाणं जाईल एवढी? दाराच्या कोपऱ्यातून निघते का भिंतीच्या मधूनच?

"वरून रंग मारून टाकला तर चालेल का हो?" असं कुणी विचारलं की तिचा पारा चढे.

"तापाला पावडर लावाल का? आधी पाणी कुठून येतं ते शोधा. रंगाचं मग बघू."

हे ज्ञान तिनं पुस्तकातून मिळवलं नव्हतं. बांधकाम परवानगीच्या ऑफिसात ती तेहेतीस वर्षं ट्रेसर होती. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर ट्रेसिंगचं मेणचट निळसर कापड ताणून बसवायचं, त्याला खडूची भुकटी चोळायची आणि काळ्या शाईनं रेघ न रेघ वर उतरवायची, हे तिचं काम. जाड निब नऊ इंची भिंतीला, म्हणजे जी वरच्या स्लॅबचा भार घेते तिला. बारीक निब पडदीला. पडदी म्हणजे नुसता आडोसा, साडेचार इंचांचा. ती पाडली तरी घराला पत्ता लागत नाही. त्या कापडाचा वास मावशीच्या नाकातून निवृत्तीनंतरही गेला नव्हता. तिची रेघ कधी हलली नाही. मोठे साहेब म्हणायचे, "बाई, घरं विटांवर उभी राहतात हे खोटं आहे. तुमच्या रेघेवर उभी राहतात." हे वाक्य तिनं दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं. दुसरा दागिना तिच्याकडे नव्हता. लग्न राहून गेलं होतं.

तिचा एक हातखंडा उपाय होता. तसबिरी करणाऱ्याकडून ती काचेच्या बोटभर पट्ट्या आणून ठेवी. भेग जुनी आहे की अजून चालतेच आहे असा प्रश्न पडला की भेगेवर आडवी काच ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे थापायचे आणि बाजूला तारीख लिहायची. भिंत हलली तर काच फुटते. "माणूस खोटं बोलेल," ती म्हणे, "काच बोलत नाही."

तिची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. घर धाकटीच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं. तो गवंडी होता, पण असातसा नाही. गावभर त्याला नुसतं 'मिस्त्री' म्हणत आणि दुसऱ्या कुणाला मिस्त्री म्हणायचं झालं तर पुढे त्याचं नाव लावत. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा त्याचा पितळी ओळंबा अजून पुढच्या खोलीत खिळ्याला टांगलेला होता. घरात आता धाकटी, तिचा मुलगा आणि सून. मुलगा पंचेचाळिशीला आला होता, अंगानं काटकुळा होता, पण जन्मला तेव्हा गुटगुटीत होता म्हणून मावशी त्याला अजून ढब्बूच म्हणायची.

गेल्या वर्षी धाकटीची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डावा हात, चार पायांची काठी आणि 'हूं' एवढंच तिच्यापाशी उरलं. काठीच्या आधारानं ती दहा-बारा पावलं टाकायची, त्यापुढे चाकाची खुर्ची. तिच्या खोलीतून न्हाणीघरात जायचं तर स्वयंपाकघराला वळसा पडे, आणि दुसऱ्या वळणावर खुर्ची हमखास अडके. एकदा तिथेच तिची साडी ओली झाली. म्हातारीनं दोन दिवस कुणाकडे पाहिलं नाही.

"मावशी, मी ठरवलंय," ढब्बू म्हणाला. सकाळी सकाळीच आला होता, चप्पलसुद्धा न काढता दारातच उभा. "आईच्या खोलीची आणि मधल्या खोलीची भिंत काढून टाकायची. खुर्ची सरळ न्हाणीघराच्या दारात. आपल्या घराचा नकाशा तुझ्याकडे आहे ना?"

"असेल. ये, बस तरी."

नकाशा पत्र्याच्या ट्रंकेत होता. तिनं तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची तिचीच रेघ, अजून काळीभोर. ढब्बूनं मधल्या भिंतीवर बोट ठेवलं.

"पडदीच आहे की! साडेचार इंच. आणि वर या तुटक रेघा म्हणजे बीम ना? तूच शिकवलंस लहानपणी."

मावशीचं लक्ष त्याच्या बोटाच्या बाजूला गेलं. तिथे कापडाची चकाकी मेलेली होती. न सांगता कुणाच्या ध्यानात आलं नसतं. तिच्या आलं.

त्या वर्षी धाकटीच्या घराची फाइल दोनदा परत आली होती. जागेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त बांधायचं नाही असा तेव्हाचा नियम, भिंतींची जाडी धरून. घर पाच चौरस फुटांनी जास्त भरत होतं. लाल पेन्सिलीनं साहेबानं शेरा मारला होता. धाकटीला सातवा महिना. ती दोघं एका गळक्या खोलीत राहत, आणि पाऊस आला की अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरे. धाकटी ऑफिसच्या जिन्याशी येऊन उभी राहिली होती, सुजलेल्या पायांनी. "ताई, पाच फुटांसाठी माझं बाळ त्या डबक्यात जन्माला घालू का?"

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर रेघमावशीनं अर्धं ब्लेड घेतलं. मधल्या नऊ इंची भिंतीची एक जाड रेघ तिनं अलगद खरवडली, नखानं घासून कापड गुळगुळीत केलं आणि बारीक निबनं साडेचार इंचांवर नवी ओढली. चौदा फूट लांबीची भिंत. पाच चौरस फूट निघाले. पण पडदीवर स्लॅब टेकलेला दाखवला तर साहेब पकडणार. म्हणून तिनं वर दोन तुटक रेघा काढून एक बीम घातला. जगात नसलेला बीम. संध्याकाळपर्यंत सही झाली.

तिनं हे मिस्त्रीला हसत हसत सांगितलं होतं. तो हसला नव्हता.

"ताई, कागद तुमचा," तो म्हणाला होता, "भिंत माझी. स्लॅब त्या भिंतीवर बसणार आहे. मी नऊ इंचीच बांधणार."

आणि त्यानं तशीच बांधली. बीम टाकायची गरजच नव्हती. भिंतच स्लॅब पेलत होती. गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा त्यानं बरोबर तिच्यावर आणून ठेवली, कारण घरात सगळ्यात भरवशाची तीच. हे तिघांना ठाऊक होतं. त्यातला एक गेला आणि एकीला आता बोलता येत नव्हतं.

"मावशी? कुठे हरवलीस?"

"एकदा इंजिनिअरला दाखव रे ढब्बू."

"इंजिनिअर काय बघणार? नकाशाच ना? आणि तो तुझ्या हातचा!" त्यानं मोबाइलवर फोटो काढला. "शिवाय तूच सगळ्यांना सांगतेस, पडदी पाडायला परवानगी लागत नाही म्हणून."

ती हे सांगत असे. पुढचं वाक्यही सांगत असे: भार घेणारी भिंत असेल तर एका विटेलाही हात लावायचा नाही. ते वाक्य तिच्या ओठावर आलं. पण त्याच्यामागोमाग ब्लेड आलं असतं, जेवणाची सुट्टी आली असती, आणि साहेबाचं ते दागिन्यासारखं वाक्य. ती म्हणाली, "चहा घेणार का?"

मनाशी तिनं ठरवलं, ठेकेदार भिंत मोजेल. त्याला आपोआप कळेल. आपल्याला काही बोलायला नको.

ठेकेदार खरंच मोजायला आला तेव्हा ती मुद्दाम हजर राहिली. गोल पोटाचा, गप्पिष्ट माणूस. टेप गळ्यात टायसारखा लोंबत होता. त्यानं दोन्ही खोल्यांची मापं घेतली, हिशेब केला आणि भुवया वर केल्या.

"भिंत अकरा इंच भरते हो."

मावशीच्या छातीवरचं ओझं उतरलं. "बघा, मग? ती पडदी असेल का?"

"अहो, इकडून टाइल्स, तिकडून तुमच्या भाच्यानं लाकडी फळ्या मारल्यात, आत पोकळ पट्ट्या. जुना गिलावा इंच इंच जाड. सगळं सोललं की आत पडदीच निघणार." त्यानं वर बोट केलं. "आणि टाकी बघा कुठे आहे. एवढी टाकी मिस्त्री पडदीवर ठेवेल? खाली बीम असणार. स्लॅबच्या पोटात, म्हणून दिसत नाही. नकाशात आहेच."

"एक वीट काढून बघा आधी."

"मावशी," ठेकेदार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तुम्हीच काढलेला नकाशा, आणि तुमचाच त्याच्यावर विश्वास नाही?"

"म्हातारपण!" ढब्बू हसला. "स्वतःच्या रेघेवर पण शंका घेते हल्ली."

सगळे हसले. मावशीही हसली. त्या हसण्याची आठवण पुढे तिला कुठेही गाठायची, भाजी चिरताना, पायऱ्या चढताना.

तिनं एवढं मात्र केलं, की भिंत जिथे स्लॅबला मिळते तिथल्या केसाएवढ्या भेगेवर काचेची पट्टी लावून घेतली. ठेकेदाराच्या माणसानं शिडीवर चढून प्लास्टर थापलं आणि पेन्सिलीनं तारीख लिहिली. "मावशींचा ताईत," तो खाली उतरताना म्हणाला.

काम चालेल तेवढे चार दिवस धाकटीला मावशीकडे न्यायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी सून कपड्यांची पिशवी भरत होती. धाकटी पलंगावर बसून टाइल्स काढलेल्या भिंतीकडे पाहत होती. एकाएकी तिनं काठी उचलली आणि भिंतीवर मारली. ठक. ठक. ठक. मग काठीचं टोक भिंतीवर टेकवून ती मावशीकडे बघत राहिली.

"काय झालं आई?" सून जवळ गेली. "पाणी हवंय? पंखा लावू?"

"हूं! हूं!" ठक. ठक.

"काय म्हणतायत हो मावशी? तुम्हालाच कळतं त्यांचं."

मावशीला कळत होतं. एवढं स्पष्ट धाकटी वाचा असतानाही कधी बोलली नव्हती. ती सगळं ओळखून होती, आणि नाव घेता येत असतं तरी तिनं ताईकडे बोट दाखवलं नसतं. भिंतीकडेच दाखवलं असतं. आताही ती तेच करत होती. बोलायचं काम तिनं ताईवर सोडलं होतं.

ढब्बू दारात येऊन उभा राहिला होता. "काय गं?"

"धुळीला घाबरते ती," मावशी म्हणाली. "लहानपणापासून तिला धूळ सोसत नाही."

धाकटीची काठी हळूहळू खाली आली. तिनं मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग तिनं मान दुसरीकडे वळवली. पण न्यायला उठवू लागले तेव्हा तिनं डाव्या हातानं पलंगाची कड अशी धरली की दोघांना सोडवेना. शेवटी तिला पुढच्या खोलीत ठेवायचं ठरलं. मधे दोन दारं आहेत, धूळ येणार नाही, असं ढब्बू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली आणि हातोडे सुरू झाले. मावशी पुढच्या खोलीत धाकटीजवळ बसली होती. प्रत्येक घावाबरोबर खिळ्यावरचा ओळंबा थरथरत होता. आधी दाराएवढं भगदाड पडलं. काही झालं नाही. मावशी आत जाऊन पाहून आली. काच जागच्या जागी. तिला वाटलं, कोण जाणे, मिस्त्रीनं आपल्याला न सांगता बीमही टाकला असेल. तो माणूस तसाच होता, दुहेरी काम करणारा.

"विटा आडव्या लागल्यात साहेब," आतून एक कामगार ओरडला. "भिंत जाड आहे."

"स्वतःचं घर बांधत होता ना, हात सैल सुटला असेल," ठेकेदार म्हणाला. "चालू दे. दोन टेकू लावा तिकडे."

टेकू लावले, नावाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भगदाड आठ फूट झालं होतं. कामगार डबे घेऊन रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन बसले. ठेकेदार मोटरसायकलवरून कुठेसा गेला. ढब्बू पायरीवर बसून अंगावरची धूळ झटकत होता. घरात एकदम शांत झालं. धाकटीचे डोळे मिटलेले होते.

मावशी आत गेली आणि मान वर करून पाहिलं. काच मधोमध फुटली होती. तुकडे पडले नव्हते. दोन्ही आपापल्या प्लास्टरला चिकटून होते, पण एक दुसऱ्यापेक्षा खाली उतरला होता. केसभर.

ती बाहेर आली. या वेळी सांगायचंच, असं ठरवून आली. ती पायरीवर ढब्बूशेजारी बसली.

"ढब्बू, ऐक. त्या काळी नियम फार वेगळे होते बघ. आताच्यासारखं नव्हतं. जागेच्या एक तृतीयांश बांधायचं, आणि त्यात भिंतींची जाडीसुद्धा धरायचे..."

"हं."

"आणि तेव्हाचे साहेब म्हणजे फार कडक. लाल पेन्सिल घेऊनच बसायचे. तुमची फाइल दोनदा परत आली होती. तुझ्या आईला सातवा महिना होता, तू पोटात होतास..."

"मावशी, मुद्द्याचं बोल ना. तोंड धुवायला जायचंय मला."

"तेच सांगते आहे. नीट सांगायला नको का? नाहीतर तुला वाटायचं..."

आत ठक असा आवाज झाला. मग पुन्हा, ठक. ठक.

"आई उठली वाटतं," ढब्बू म्हणाला आणि वळला. "अगं, आतल्या खोलीत गेली की काय ही!"

तो उंबऱ्यापर्यंतही पोहोचला नाही. आधी टेकू घसरल्याचा एक साधा, लाकडी आवाज झाला. मग सगळं घर एकदा खाली वाकल्यासारखं झालं आणि मधल्या दारातून धूळ भिंतीसारखी चालत बाहेर आली. मावशीनं दोन्ही हातांनी ढब्बूचा शर्ट धरून ठेवला होता. तो सोडवून घेण्यासाठी तो काय काय ओरडत होता ते तिला ऐकूच येत नव्हतं. टाकी फुटली होती. विटांची लाल भुकटी घेऊन पाणी पुढच्या खोलीतून आलं, पायरीवरून उतरलं आणि तिच्या चपलांत शिरलं.

धाकटी भिंतीच्या उरलेल्या भागापाशी सापडली. काठी तिच्या हातातच होती.

पुढचे दिवस कसे गेले ते मावशीला सलग आठवत नाही. ढब्बू आणि सून जवळच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. ढब्बू रोज दुपारी तिच्याकडे येऊन बसे. बोलत नसे. एकदाच म्हणाला, "मीच पाडली ना भिंत." मावशी त्याच्यासमोर चहा ठेवी आणि थंड झाला की उचलून नेई. दर दिवशी तिला वाटे, आज. आणि दर दिवशी चहाच तेवढा उचलला जाई.

मग चौकशीचा अधिकारी आला. तरुण, सभ्य माणूस. ऑफिसातली नकाशाची प्रत त्यानं ढिगाऱ्याशी ताडून पाहिली. मावशीला नमस्कार करून म्हणाला, "इतकं स्वच्छ काम आता बघायला मिळत नाही, बाई." आणि ढब्बूला बाजूला घेऊन त्यानं निष्कर्ष सांगितला. नकाशात बीम आहे. जागेवर नाही. स्लॅब सरळ भिंतीवर टेकवला होता. म्हणजे बांधणाऱ्यानं भिंत जाड करून वेळ मारून नेली आणि बीमचं लोखंड खाल्लं. ठेकेदार नकाशावर विसंबला, त्याला फारसं काही होणार नाही. मुलानंही नकाशा पाहूनच काम काढलं. दोष मूळ बांधकामाचा.

गल्लीत ते तासाभरात पसरलं. एवढा मिस्त्री मिस्त्री म्हणून मिरवत होता! स्वतःच्या बायकोच्या डोक्यावर खोटं छप्पर! ज्यांची घरं त्यानं बांधली होती ते आपापल्या छताकडे बघू लागले. दोघं तर मावशीकडेच आले, सल्ला विचारायला. म्हणाले, "तुमची रेघ खरी होती मावशी. त्यानं घात केला."

त्या संध्याकाळी ढब्बूनं पुढच्या खोलीच्या खिळ्यावरून बापाचा ओळंबा काढला आणि ढिगाऱ्यात भिरकावला. सगळ्यांदेखत. "आयुष्यभर लोकांच्या भिंती सरळ करत फिरला आणि माझ्या आईच्या खोलीत चोरी केली!"

मावशी गर्दीत उभी होती. तिला वाटलं, ओळंबा आपल्याला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता. बांधकाम करणाऱ्यानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, मंजूर नकाशा सोडून काम केलं, हे मला मान्य आहे, असा मजकूर. खाली सहीची जागा.

"पेन दे गं," तो म्हणाला. "एकदा संपवून टाकू. त्यांचा फोटोपण नकोय मला आता घरात."

तिनं पेन दिलं नाही. कागदावर हात ठेवला.

"सही करू नकोस. बीम मी घातला होता. कागदावर."

त्यानं कागद सोडला.

"भिंत नऊ इंची होती. मी खरवडून साडेचार केली, पाच फुटांसाठी. तुझा बाप मला तोंडावर म्हणाला, मी नऊ इंचीच बांधणार. त्यानं बांधली. त्यानं काही खाल्लं नाही. तुमचं घर त्याच भिंतीवर उभं होतं."

एवढंच. पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि सांगायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तिनं ट्रेसिंग उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. मधल्या भिंतीपाशी कापड धुरकट दिसत होतं, पुसलेल्या पाटीसारखं, आणि त्यात नीट पाहिलं तर जुन्या जाड रेघेची सावली अजून होती. ढब्बूनं नीट पाहिलं.

"आईला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे ती काठीनं..."

"हो. भिंत दाखवत होती."

"आणि तू मला सांगितलंस, धूळ."

"हो."

"आणि पायरीवर? तेव्हा हेच सांगत होतीस? लाल पेन्सिल, साहेब..."

"हो. पण आधी स्वतःला सोडवत बसले रे. मग राहून गेलं."

तो उठला. मारेल असं तिला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. त्यानं सहीचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि चप्पल पायात सरकवून निघून गेला. 'येतो' म्हणाला नाही. या घरातून 'येतो' न म्हणता तो जन्मात कधी गेला नव्हता.

थोड्या वेळानं तिनं नकाशाची गुंडाळी केली, काखेत धरली आणि ती बाहेर पडली. ऑफिस बंद व्हायला तासभर होता. वाट धाकटीच्या घरावरूनच जात होती. ढिगाऱ्यात ढब्बू गुडघ्यांवर बसून हातांनी विटा बाजूला करत होता. ओळंबा त्याला सापडला तो दोरीसकट. त्यानं तो शर्टाला पुसला. मग उभा राहून भिंतीचा जो तुकडा अजून उभा होता, त्याच्या कडेशी दोरी धरली आणि वजन थांबायची वाट पाहिली. थांबल्यावर दोरी आणि भिंत यांच्यात वरपासून खालपर्यंत अंतर कुठेच कमी-जास्त नव्हतं. मग त्यानं वीत टाकून तुटलेल्या भिंतीची जाडी मोजली. सावकाश, दोनदा.

तिथूनच त्यानं मान वर केली तेव्हा रस्त्यावर मावशी त्याला दिसली. त्यानं हाक मारली नाही. तिनं वाटही पाहिली नाही.

कोपऱ्यावर तिला एका ओळखीच्या बाईनं गाठलं. "मावशी, बरं झालं भेटलात. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघालीय, तिरकी. मी म्हटलं, तुम्हाला दाखवल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. सवड झाली की याल का?"

मावशीनं काखेतली गुंडाळी सरळ केली.

"आधी ऑफिसात जाऊन येते," ती म्हणाली. "मग तुम्ही मला बोलावता का, ते बघा."